गाडी आपल्या दारात, आरसी त्याच्या कपाटात: विक्रेता कागद अडवून बसला तर कायद्याने काय करता येतं?

नीरक्षीर

जुनी गाडी थेट मालकाकडून घेताना नेहमी होणारा घोळ. पैसे पोचतात, गाडी ताब्यात येते, पण आरसी (गाडीच्या नोंदणीचं पुस्तक किंवा कार्ड) आणि ट्रान्सफरच्या फॉर्मवरच्या सह्या काही येत नाहीत. 'पुढच्या आठवड्यात देतो', मग 'गावाला आहे', मग फोनच उचलायचा नाही.

चर्चा मुद्द्यावर राहावी म्हणून एक नमुना धरू. महाराष्ट्रात नोंदलेली खासगी कार, किंमत साडेतीन लाख, पैसे बँकेतून गेलेले. मधे डीलर नाही. लेखी म्हणाल तर एक पानी ताबा पावती आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं, एवढंच. अशा वेळी गाडी कायद्याने कोणाची? पोलिस, ग्राहक आयोग, दिवाणी कोर्ट, आरटीओ यांपैकी कोणाचं दार आधी ठोठवायचं? आणि 'आरसी हरवली म्हणून डुप्लिकेट काढून टाका' हा जो सल्ला जो तो देतो, त्यात कितपत दम आहे?

'घेतानाच कागद घ्यायचे ना' हे सगळ्यांना माहीत आहे. ते सोडून बोला.

बोरीबंदर

रुमाल टाकून ठेवतो. जाणकार येतीलच.

कलम_बहाद्दर

मालकी आणि नोंदणी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. इथेच निम्मे लोक गडबडतात.

गाडी ही जंगम मालमत्ता. तिची विक्री माल विक्री कायदा १९३० खाली होते. कलम १९ आणि २० प्रमाणे, मालकी द्यायची असं दोघांनी ज्या क्षणी ठरवलं त्या क्षणी ती जाते. ठरलेली गाडी, ठरलेली किंमत, ताबा दिला, पैसे घेतले, एवढ्यावर व्यवहार पुरा होतो. आरसी म्हणजे घराचं खरेदीखत नव्हे. ती नसल्याने विक्री रद्द होत नाही. तेव्हा नीरक्षीर यांच्या नमुन्यात खरेदीदार आणि विक्रेता या दोघांपुरती गाडी खरेदीदाराचीच.

पण मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम २(३०) 'मालक' म्हणतं ते ज्याच्या नावाने नोंदणी आहे त्याला. अपघाताची भरपाई, चलनं, पोलिसांचं पहिलं पत्र, सगळं त्याच्या पत्त्यावर. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात हेच ठरवलं. त्या प्रकरणात गाडी एकापाठोपाठ अनेक हातांतून गेली होती, तरी भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या पहिल्या मालकावरच आली.

ही गोष्ट लक्षात ठेवा. कागद अडवणाऱ्याला वाटतं की दोरी त्याच्या हातात आहे. खरं तर तिचं दुसरं टोक त्याच्याच गळ्यात आहे.

खडूस_काकू

म्हणजे गाडी माझी आणि चलन त्याचं? सौदा वाईट नाही. हेल्मेट, सिग्नल, सगळं माफ!

कलम_बहाद्दर

काकू, चलन त्याचं खरं, पण ते थकलं की नावावर करताना अडणार तुम्हीच. आणि अपघात झाला तर त्याच्याइतकेच तुम्हीही अडकाल. विमा चालू असेल तर थर्ड पार्टीची भरपाई कंपनी देते, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार गाडीबरोबर तो विमा नव्या मालकाकडे गेला असं मानलं जातं. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं तसं नाही. १९९६ च्या कम्प्लीट इन्सुलेशन्स निकालापासून हे स्पष्ट आहे. पॉलिसी तुमच्या नावावर करून घेतलेली नसेल तर स्वतःच्या नुकसानीचा दावा विसरा. पॉलिसी बदलून घ्यायचा अर्ज १४ दिवसांत द्यायचा असतो. आरसी नावावर झाली नाही म्हणून तोही थांबवू नका. विमा कंपनीला विक्रीचा पुरावा आणि पत्र पाठवून पोच घ्या.

आरटीओचा_कट्टा

वरचं सगळं खरं, पण कायद्याच्या पुस्तकातून जरा खिडकीवर या. आरटीओ ओळखतं फक्त सिस्टीममधल्या मालकाला. 'आरसी मिळत नाही' म्हणून लोक रडतात ते पुस्तकासाठी, पण खरी अडचण पुस्तकाची नाही, सहीची आहे.

नावावर करायला लागतात फॉर्म २९ (विकणाऱ्याने दिलेली सूचना, दोन प्रतींत) आणि फॉर्म ३० (हस्तांतराचा अर्ज, दोघांच्या सह्या). सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, दोघांचे ओळख आणि पत्त्याचे पुरावे. कर्ज असेल तर फॉर्म ३५ दोन प्रतींत आणि बँकेची एनओसी. परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८. एजंट लोक याला 'टीटीओ सेट' म्हणतात. पूर्वी सह्या मारलेला कोरा सेट घेऊन ठेवला की वर्षभराने सुद्धा काम व्हायचं. आता ऑनलाइन अर्जात नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो, आणि घरबसल्या करायचं तर दोघांचं आधार पडताळणं होतं. म्हणजे मूळ मालक सोबत नसेल तर सह्यांचा गठ्ठा कपाटात ठेवण्यापलीकडे कामाचा नाही.

उलटही खरं आहे. मालक सोबत असेल आणि पुस्तक खरोखर हरवलेलं असेल, तर काम अजिबात अडत नाही. पोलिसांकडे हरवल्याची नोंद, फॉर्म २६, आणि डुप्लिकेट आरसी. तो अर्ज मात्र नोंदणीकृत मालकानेच करायचा असतो.

म्हणून नीरक्षीर यांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: खरेदीदाराने 'हरवली' सांगून डुप्लिकेट मागायची नाही. एक तर त्याला ती मिळणारच नाही. दुसरं, आरसी कोणाकडे आहे हे माहीत असून पोलिसांना हरवली सांगणं म्हणजे लोकसेवकाला खोटी माहिती देणं, भारतीय न्याय संहितेचं कलम २१७. उद्या कोर्टात तुमचीच बाजू या एका कागदाने झोपते.

पेणचा_गणू

मालकाच्या नावाने आपणच सही मारली तर? विचारतोय फक्त.

आरटीओचा_कट्टा

मग आरसी मिळेपर्यंत राहायची सोय सरकार करेल. जेवणासकट.

तिरपा_कोन

एवढं पुराण कशाला? सरळ पोलिसात जा. फसवणुकीची तक्रार म्हटली की दोन दिवसांत आरसी घेऊन धावत येतात लोक.

मुक्काम_मिरज

तिरपा_कोन, असं सरसकट सांगू नका राव. ठाण्यात गेल्यावर पहिलं वाक्य ऐकायला मिळतं 'ही दिवाणी बाब आहे'. फार तर अदखलपात्र नोंद होते. आणि समजा गुन्हा दाखल झालाच, तर तपासाचा मुद्देमाल कोणता? तुमच्या दारातली गाडी. ती जप्त होऊन ठाण्याच्या आवारात उभी राहते. सोडवायला मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा लागतो, आणि सुपुर्दनाम्यावर (गाडी सांभाळण्याच्या हमीपत्रावर) ताबा देताना कोर्ट आधी बघतं ते नोंदणी कोणाच्या नावाने आहे. म्हणजे पैसे तुमचे, तक्रार तुमची, आणि गाडी परत त्याच्याकडे जायची शक्यता.

ताबा पावतीवर इंजिन नंबर, चॅसिस नंबर, तारीख, वेळ आणि 'संपूर्ण रक्कम मिळाली' हे नसेल, तर तोच तुमच्यावर गाडी पळवल्याची तक्रार देऊ शकतो.

कलम_बहाद्दर

दोघांचंही अर्धं बरोबर आहे.

फौजदारी कधी? व्यवहाराच्या वेळीच हेतू खोटा असेल तेव्हा. एकच गाडी दोघांना विकली, कर्ज लपवलं, आरसी बनावट दाखवली, गाडी चोरीची निघाली, दुसऱ्याची गाडी स्वतःची म्हणून विकली. इथे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, फसवणूक, ४थ्या पोटकलमाखाली ७ वर्षांपर्यंत शिक्षा. १ जुलै २०२४ च्या आधीचा प्रकार असेल तर भारतीय दंड संहितेचं ४२०. नंतर नुसती टाळाटाळ सुरू झाली, भाव वाढला म्हणून मन फिरलं, तर तो करारभंग. त्याला फौजदारी रंग देऊन केलेल्या तक्रारी उच्च न्यायालयात टिकत नाहीत.

पोलिसांनी घेतलंच नाही तर पायऱ्या अशा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम १७३(४) प्रमाणे पोलिस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना लेखी अर्ज. त्यानेही न झाल्यास १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे, प्रतिज्ञापत्रासह. आधीच्या अर्जाची पोच नसेल तर तिथे उभं राहता येत नाही, तेव्हा प्रत्येक कागदावर शिक्का घ्या.

रातराणी

ग्राहक आयोगाचं काय? तिथे तर ५ लाखांपर्यंत फी पण नाही म्हणतात.

कलम_बहाद्दर

रातराणीताई, फी नाही हे खरं, पण दार बंद आहे. शेजारच्या माणसाने आपली एक गाडी विकली म्हणून तो व्यापारी होत नाही, आणि तुम्ही त्याचे ग्राहक होत नाही. तक्रार दाखल करून घेतानाच परत येईल.

मधे डीलर किंवा ऑनलाइन कंपनी असेल तर चित्र बदलतं. त्यांनी 'नावावर करून देऊ' म्हणून पैसे घेतले असतील तर ती सेवेतली त्रुटी. गाडी ५० लाखांपर्यंतची असेल तर जिल्हा आयोग, मुदत २ वर्षं. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी मधून तशी ऑनलाइन सूचना जाते. त्यानंतर गाडीची आणि कागदांची जबाबदारी त्या डीलरची. त्याच्याकडे अधिकारपत्र आहे का हा पहिला प्रश्न विचारा. बरेचसे 'कार बाजार' तिथेच गप्प होतात.

आरटीओचा_कट्टा

दार कोणतं हे ठरवण्याआधी एक बघा: माणूस आरसी का देत नाही? उत्तर त्यात असतं. 'वाहन' पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून मिळेल तेवढं काढा. मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, पण मालक क्रमांक, फायनान्स, विमा, फिटनेसची तारीख, ब्लॅकलिस्ट दिसतं. ई-चलनं महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या साइटवर. चोरीची आहे का हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय'वर. मग पुढचे प्रकार पडतात.

कर्ज बाकी आहे. सगळ्यात जास्त हेच. आरसीवर बँकेचा बोजा असतो, याने तुमच्या पैशातून कर्ज फेडायचं होतं ते फेडलेलं नसतं. इथे त्याच्याशी भांडत बसू नका. त्याच्याकडून बँकेचं फोरक्लोजर पत्र (कर्ज पूर्ण फेडायला किती लागतील याचं) मागवा आणि पैसे द्यायचे राहिले असतील तर थेट कर्ज खात्यात भरा. फेडल्यावर बँक एनओसी आणि फॉर्म ३५ देते. एनओसीवर साधारण ३ महिन्यांची मुदत असते. ती संपली की परत बँकेच्या खेपा. आणखी एक खाच: बोजा उतरवल्यावर नवी आरसी पोस्टाने जाते ती नोंदीतल्या पत्त्यावर, म्हणजे विक्रेत्याच्या घरी. म्हणून बोजा उतरवणं आणि नावावर करणं हे दोन अर्ज एकत्र द्या, म्हणजे कार्ड तुमच्या पत्त्यावर येतं.

तो मालकच नाही. त्याने कोऱ्या सेटवर गाडी घेतली, स्वतःच्या नावावर केलीच नाही आणि तुम्हाला विकली. आता ओटीपी येणार पहिल्या मालकाला, आणि त्याला हा तिसरा माणूस कोण हे माहीतही नाही. इथे तुमच्या विक्रेत्याला नोटीस देऊन आरसी मिळणार नाही, कारण त्याच्याकडे ती द्यायची ताकदच नाही. मूळ मालकाला गाठा. बहुतेक वेळा तो आनंदाने सही देतो, कारण चलनं त्याला येत असतात.

आरसी गहाण आहे. खासगी सावकाराकडे पुस्तक ठेवून पैसे उचललेले. पोर्टलवर याचा मागमूस नसतो.

राहिले किरकोळ: थकलेली चलनं, संपलेला विमा, घरातली भांडणं. हे पैशाने किंवा चहाने सुटतात.

आणि हो, २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी लावलेली नसेल तर आरटीओ नावावर करायचं कामच अडवतं. विक्रेत्याला शिव्या घालण्याआधी पाटी बघा.

मुक्काम_मिरज

सावकाराच्या मुद्द्यावर भर. परवाना नसलेला सावकार असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ खाली तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात जाते. पोलिसांपेक्षा तिथे लवकर हालचाल होते. तक्रार मात्र कर्जदाराने, म्हणजे तुमच्या विक्रेत्याने द्यायला हवी. त्याला घेऊन जा.

तिरपा_कोन

विक्रेता स्वतः सावकाराविरुद्ध तक्रार देईल? कोणत्या जगात राहता?

मुक्काम_मिरज

मिरजेत.

पोस्ट_कुडाळ

विक्रेत्याची बाजू कोणीच घेत नाही म्हणून मी घेतो. साडेतीन लाखांतले पन्नास हजार बाकी असतील तर आरसी अडवायचा त्याला हक्क आहे की नाही? माल विक्री कायद्यात न भरलेल्या पैशासाठी माल अडवून धरता येतो ना?

कलम_बहाद्दर

येतो, कलम ४७. पण तो हक्क माल ताब्यात असेपर्यंतच. गाडीची चावी दिली की कलम ४९ प्रमाणे संपला. मात्र करारातच 'शेवटचा हप्ता मिळाल्यावर आरसी व सह्या' असं ठरलं असेल तर मुद्दा वेगळा. तेव्हा आधी बाकी देण्याची तयारी खरेदीदाराने दाखवावी लागते, आणि ती कागदावर. डिमांड ड्राफ्ट काढा, त्याची प्रत नोटिशीला जोडा आणि लिहा: 'अमुक तारखेला आरटीओ कार्यालयात या, सह्या द्या, ड्राफ्ट घ्या.' विशिष्ट अंमलबजावणीचा (म्हणजे करार जसाच्या तसा पुरा करायला लावण्याचा) दावा टिकतो की पडतो हे बऱ्याचदा या तयारीवरच ठरतं.

रोखीत दिले असतील आणि तो आता नाकारत असेल तर एक आठवण करून द्या. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही, आणि दंड घेणाऱ्याला बसतो, देणाऱ्याला नाही.

नीरक्षीर

धागाकर्ता म्हणून मधे बोलतो. नमुन्यात पैसे पूर्ण दिलेत, कर्ज नाही, विक्रेता हाच नोंदणीकृत मालक, आणि तो नुसताच अडवतोय. आता नोटीस कशी?

कलम_बहाद्दर

वकिलाकडून दिली तर बरं, स्वतः दिली तरी चालते. मजकूर एका पानात बसवा. गाडीचा नंबर, चॅसिस, इंजिन. व्यवहाराची तारीख, रक्कम, बँकेचा यूटीआर (व्यवहार) नंबर. ताबा कधी मिळाला. मोटार वाहन कायदा कलम ५०(१) प्रमाणे त्याच राज्यातल्या गाडीच्या हस्तांतराची सूचना देण्याचं कर्तव्य विकणाऱ्याचं आहे, १४ दिवसांत, ती दिलेली नाही. खरेदीदाराची मुदत ३० दिवस, ती तुमच्यामुळे चुकतेय. १५ दिवसांत आरसी, फॉर्म २९, ३० आणि आधार पडताळणी द्या, न दिल्यास दिवाणी दावा, नुकसानभरपाई आणि खर्च.

आता यातली खरी ताकदीची ओळ, जी वकील सहसा घालत नाहीत: 'नोंद तुमच्या नावे राहील तोवर या गाडीच्या प्रत्येक चलनाची आणि अपघाताच्या भरपाईची कायदेशीर जबाबदारी कलम २(३०) नुसार तुमच्यावर राहील, याची नोंद घ्यावी.' खाली २०१८ च्या निकालाचं नाव. धमकी नाही, शिवी नाही, नुसती माहिती. गाडी रोज रस्त्यावर आहे आणि कधी काय होईल सांगता येत नाही, हे डोक्यात शिरलं की माणूस स्वतः फोन करतो.

पाठवायची पोचपावतीसह. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, तर स्पीड पोस्टाने, पाकिटावर पूर्ण पत्ता. 'घेण्यास नकार' शेरा येऊन परत आली तरी बजावली असंच धरतात, म्हणून परत आलेलं पाकीट फोडू नका. तेच व्हॉट्सॲपवर पीडीएफ करून.

खडूस_काकू

न फोडलेलं पाकीट जपून ठेवायचं हे मला फार आवडलं. आमच्याकडे आहेराची पण अशीच ठेवतात.

रातराणी

व्हॉट्सॲपचं बोलणं कोर्टात चालतं का? स्क्रीनशॉट पुरेसे?

कलम_बहाद्दर

नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३, कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, दोन भागांत: भाग अ तुमचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार नाही हे दाखवणारा आकडा). पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा, फोन विकू नका, नंबर बदलू नका. 'गाडी दिली', 'पैसे मिळाले', 'आरसी सोमवारी देतो' असली तीन वाक्यं त्याच्या नंबरवरून आलेली असतील तर ताबा पावतीपेक्षा ती जड पडतात.

पावती स्टॅम्प पेपरवर असेल तर किंमत बघा. महाराष्ट्रात करारनाम्यासाठी १०० चा स्टॅम्प आता चालत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा. कमी स्टॅम्पचा कागद रद्द होत नाही, पण फरक आणि दंड भरेपर्यंत पुराव्यात वाचला जात नाही.

तिरपा_कोन

बरं, नोटीस गेली, उत्तर नाही. आता दिवाणी दावा ना? म्हणजे आरसी नातवाला मिळेल.

कलम_बहाद्दर

नातवापर्यंत जाऊ नये म्हणून आधी लोकन्यायालय. दावा न लावता दाखलपूर्व अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे देता येतो, कोर्ट फी नाही. समोरच्याला नोटीस जाते. तो आला आणि तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो आणि त्यावर अपील नाही. तो आलाच नाही तर तिथे जबरदस्ती नाही, हे त्याचं दुबळं टोक.

दाव्याचं स्वरूप: साडेतीन लाखांचा दावा दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे, कारण त्यांची मर्यादा ५ लाख. जागा, विक्रेता राहतो तिथे किंवा व्यवहार झाला तिथे. मागण्या अशा लिहायच्या: खरेदीदार मालक असल्याची घोषणा, आरसी देण्याचा आदेश, फॉर्म २९ व ३० वर सह्या करून देण्याचा आदेश, आणि पर्यायी मागणी म्हणून व्यवहार रद्द करून रक्कम व्याजासह परत. पर्यायी मागणी विसरू नका, मधेच गाडीवर दुसऱ्याचा हक्क निघाला तर तीच उपयोगी पडते. तिचा आधार माल विक्री कायद्याचं कलम १४: विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे आणि मालावर लपवलेला बोजा नाही, हे विक्रीत गृहीतच असतं.

दाव्यासोबत त्याच दिवशी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ चा तात्पुरत्या मनाईचा अर्ज: विक्रेत्याने गाडी दुसऱ्याच्या नावे करू नये आणि डुप्लिकेट आरसी काढू नये. खरा धोका हाच आहे. आरसी 'हरवली' म्हणून तो डुप्लिकेट काढून तिसऱ्याला विकू शकतो. हा आदेश मिळाला की आरटीओत द्या, वाहन प्रणालीत गाडीला अडथळ्याची नोंद लागते.

आरटीओला पक्षकार करायचं तर त्याच संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. तातडी असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन ती टाळता येते.

आणि तिरपा_कोन, तुमच्या नातवासाठी: हुकूमनामा झाल्यावरही त्याने सही केली नाही तर त्याच संहितेचा आदेश २१ नियम ३४. आपण फॉर्मचा मसुदा कोर्टात द्यायचा, त्याला हरकतीसाठी नोटीस जाते, आणि शेवटी त्याच्या वतीने न्यायाधीश किंवा नेमलेला अधिकारी सही करतो. त्या सहीचं वजन त्याने स्वतः केल्याइतकंच. म्हणून प्रार्थनेत 'आरसी द्यावी' एवढंच न मागता 'फॉर्मवर सह्या कराव्यात' हे शब्द असलेच पाहिजेत. नसतील तर अंमलबजावणीत हा नियम वापरता येत नाही.

आरटीओचा_कट्टा

शेवटच्या परिच्छेदाला +१०००. कोर्टाचा आदेश खिडकीवर येतो आणि त्यात लिहिलेलं असतं 'वादी हा मालक आहे'. छान, पण मग पुढे काय करायचं? ओटीपी जुन्या मालकाच्या मोबाइलवर जातो तो कोर्टाला कसा चुकवता येणार? आदेशात 'नोंदणी प्राधिकाऱ्याने प्रतिवादीच्या पडताळणीविना हस्तांतर नोंदवावे' अशी स्पष्ट ओळ असली की अधिकाऱ्याला आधार मिळतो. नाहीतर तो कायदेशीर सल्ल्याला पाठवतो आणि फाइल झोपते.

पेणचा_गणू

एक शंका. बँकेला मात्र मालक पळून गेला तरी नवी आरसी मिळते म्हणे?

कलम_बहाद्दर

चांगला प्रश्न. मोटार वाहन कायद्याचं कलम ५१(५): हप्ते थकले, बँकेने गाडी ओढून आणली, आणि मालक आरसी द्यायला तयार नाही किंवा गायब आहे, तर नोंदणी प्राधिकारी त्याला नोटीस देऊन बँकेच्या नावे नवी आरसी देऊ शकतो. फॉर्म ३६ आणि ३७. पूर्ण पैसे मोजलेल्या साध्या खरेदीदारासाठी असं कलम नाही. लिलावात घेणाऱ्यासाठी फॉर्म ३२ आहे, वारसासाठी ३१ आहे, याच्यासाठी काहीच नाही. म्हणून कोर्ट.

पोस्ट_कुडाळ

इकडे गोव्याच्या आणि बेळगावच्या पाटीच्या गाड्या भरपूर. जीए किंवा केए गाडी असेल तर?

आरटीओचा_कट्टा

दुप्पट डोकेदुखी. तिथल्या आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि तो अर्जही नोंदणीकृत मालकाच्याच सहीचा. मग इथे कर भरायचा, तिथला परतावा मालकाने तिथे मागायचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे १२ महिन्यांहून जास्त गाडी इथे ठेवली तर नवा नंबर घेणं बंधनकारक. म्हणजे विक्रेता अडला की दोन राज्यांत अडतं. तिथल्या नोंदणी प्राधिकाऱ्याला 'हस्तांतराचा वाद चालू आहे' असा लेखी अर्ज आधी द्या, पोच ठेवा.

रातराणी

आणि विक्रेता मध्येच वारला तर?

आरटीओचा_कट्टा

मृताच्या सह्या असलेला सेट चालत नाही. आधी वारसाच्या नावे फॉर्म ३१, सोबत मृत्यू दाखला आणि इतर वारसांची ना हरकत, मग वारसाकडून तुमच्या नावे २९ आणि ३०. दावा चालू असेल तर वारसांना पक्षकार करा, आणि ते ९० दिवसांच्या आत, नाहीतर त्याच्यापुरता दावा संपतो.

नीरक्षीर

एवढं सगळं वाचून एकच अडकलंय. नोटीस, लोकन्यायालय, चहा, यात वेळ जातो. मुदत किती?

कलम_बहाद्दर

३ वर्षं. करारात आरसी देण्याची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून. ठरली नसेल तर त्याने नकार दिल्याचं तुम्हाला कळलं तेव्हापासून. 'पुढच्या सोमवारी नक्की' हे तारीख ठरणं आहे की टोलवणं, यावर विरुद्ध वकील तासभर बोलेल, म्हणून पहिल्या वायद्याच्या तारखेपासून मोजा.

मुक्काम_मिरज

एक राहिलं. त्याच्या नावाचा फास्टॅग काचेवर असेल तर तो कधीही बंद करू शकतो, मग नाक्यावर जादा टोल. आणि तुमचा स्वतःचा काढायला आरसीची प्रत मागतात. एम-परिवहनवर चॅसिस आणि इंजिनचे शेवटचे आकडे टाकून आरसीची प्रत उतरवून घ्या. रस्त्यात पोलिसांनी विचारलं तर तीही चालते.

खडूस_काकू

वाखु (वाचनखूण) साठवली. ह्यांच्या मित्राची स्विफ्ट घ्यायचं चाललंय घरात, आता आधी मित्राला हा धागा पाठवते.